क्लॅटस्किन ट्यूमर: सर्जन नसलेल्या डॉक्टरांचं नाव या कॅन्सरला कसं मिळालं?

यकृताच्या तोंडाशी पित्तनलिकेला होणाऱ्या कॅन्सरला डॉक्टर मंडळी ‘क्लॅटस्किन ट्यूमर’ म्हणतात. गंमत म्हणजे ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, ते जेराल्ड क्लॅटस्किन सर्जन नव्हतेच.

१९१० साली जन्मलेले क्लॅटस्किन १९३३ मध्ये कॉर्नेलमधून डॉक्टर झाले आणि पुढे अमेरिकेतल्याच येल विद्यापीठात रमले. यकृताचा वेगळा अभ्यास करणारे डॉक्टर तेव्हा फारसे नव्हते. सुईने यकृताचा बारीकसा तुकडा काढायचा, सूक्ष्मदर्शकाखाली स्वतः बघायचा आणि रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहायचा, ही त्यांची पद्धत.

आता ही गाठ नेमकी कुठे होते ते पाहू. यकृताच्या उजव्या आणि डाव्या बाजूने पित्त आणणाऱ्या दोन नळ्या बाहेर पडताना एकमेकींना मिळतात. गाठ त्या सांध्यावरच बसते. पित्त वरच अडतं, कावीळ वाढत जाते, अंगाला खाज सुटते. सर्जन पोट उघडत, तर पित्ताशय रिकामं आणि खालची नळीही बारीक! अडथळा दिसत नाही म्हणून पोट पुन्हा शिवलं जाई. गाठ लहान, तीही वर लपलेली.

१९६५ मध्ये क्लॅटस्किन यांनी अशा १३ रुग्णांची माहिती एकत्र मांडली. (१९५७ मध्ये सर्जन आल्टेमायर यांनी तीन रुग्ण नोंदवले होते, पण नाव लागलं ते क्लॅटस्किन यांचं.) त्यांचा मुद्दा साधा होता: गाठ हळू वाढते, दूर पसरण्याआधी तुंबलेलं पित्त आणि जंतुसंसर्गच रुग्णाचा जीव घेतो. म्हणून सांध्यापर्यंत शोधा आणि पित्ताला वाट करून द्या.

क्लॅटस्किन १९८६ मध्ये गेले. तोवर सर्जन बरेच पुढे सरकले होते. नुसती नळी कापली तर कॅन्सरची मुळं मागे राहतात, हे कळल्यावर नळीसोबत यकृताचा एक भाग आणि मागचा छोटा कॉडेट लोबही काढू लागले. उरणारं यकृत पुरेसं नसेल, तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर काही आठवडे आधी बंद करतात, म्हणजे दुसरी बाजू वाढते.

तरीही अनेक रुग्ण उशिरा येतात, ऑपरेशनची वेळ निघून गेलेली असते. मग एंडोस्कोपीने किंवा बरगड्यांमधून सुई घालून स्टेंट बसवतात आणि पित्त मोकळं करतात.