शेठ वालचंद हिराचंद आणि त्यांची मोटार

राहूहून यवतेस आलें, कीं पुण्याहून सोलापुरास जाणारा हमरस्ता लागतो आणि त्याच्या जवळूनच लोहमार्गहि जातो. विद्यार्थिमित्रांनो, या वाटेच्या दोन्ही अंगांस एकाच पुरुषाच्या कर्तृत्वाच्या खुणा आहेत. पूर्वेस त्याचें जन्मगांव सोलापूर; पश्चिमेस, पुण्याच्याहि पलीकडे, बोरघाटांत त्याच्या कंपनीनें खोदलेले बोगदे; आणि मध्यें, भिगवणच्या दक्षिणेस, इंदापूर तालुक्यांत त्याच्या नांवानें वसलेलें वालचंदनगर. आपल्या बेटांतील मुलांस ऊंस आणि साखर यांचें नवल नाहीं. म्हणून साखरेची हकीकत थोडक्यांत आटोपून मी आज मोटारीची हकीकत सांगणार आहें.

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजीं एका जैन व्यापारी कुटुंबांत झाला. घराणें मूळचें गुजराथेंतील, पण सोलापुरांत स्थायिक झालेलें. मॅट्रिकची परीक्षा उतरल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांत व नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत कांहीं काळ शिकले. परंतु पदवी हातीं येण्यापूर्वींच त्यांस घरच्या व्यापारांत लक्ष घालावें लागलें. कापसाचा आणि सावकारीचा तो धंदा त्यांच्या मनास रुचला नाहीं. लक्ष्मणराव बळवंत फाटक नांवाच्या, पूर्वीं रेल्वेंत कारकुनी केलेल्या एका गृहस्थाशीं त्यांनीं भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा मक्ता घेतला. एकाजवळ कामाची माहिती, दुसऱ्याजवळ भांडवल आणि धाडस; अशी ती जोडी होती. पुढें मोठमोठीं कामें मिळत गेलीं, आणि मुंबई-पुण्याच्या प्रवासांत आपण ज्या अंधारांतून जातों ते बोरघाटांतील कांहीं बोगदे त्यांच्या कंपनीनेंच पार पाडले.

१९१९ सालीं त्यांनीं नरोत्तम मोरारजी प्रभृतींच्या साह्यानें सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या महाराजांपासून घेतलेलें ‘लॉयल्टी’ नांवाचें जहाज त्या वर्षीं ५ एप्रिल रोजीं मुंबईहून लंडनास निघालें. हिंदी भांडवलाचें जहाज परदेशीं चाललेलें पाहून ब्रिटिश कंपन्यांनीं मालाचे दर इतके उतरविले, कीं नव्या मंडळीनें बुडूनच जावें. ती बुडाली नाहीं. पण पुढचीं कित्येक वर्षें तिला झगडावें लागलें. साखरेचा व्यवसाय त्यानंतरचा: नाशिक जिल्ह्यांत रावळगांव, आणि आपल्या जिल्ह्यांत कळंबच्या माळावर वालचंदनगर.

आतां मोटारीकडे वळूं. त्या काळीं हिंदुस्थानांत मोटारी धांवत होत्या, पण एकहि येथें बनत नव्हती. १९२८ सालापासून जनरल मोटर्स कंपनी मुंबईंत परदेशांतून आलेले सुटे भाग जोडून गाड्या उभ्या करीत असे, आणि लवकरच फोर्ड कंपनीहि तेंच करूं लागली. यंत्र त्यांचें, पोलाद त्यांचें, नफाहि त्यांचा. आपले हात कायते स्क्रू आंवळणारे.

ह्या गाड्या लोकांस इतक्या कां आवडत, हेंहि सांगितलें पाहिजे. सेडान म्हणून जी बंद बांधणीची चार दारांची अमेरिकन मोटार असे, ती खरोखर कुटुंबासाठींच घडविलेली होती. ख्रायस्लर कंपनीची प्लिमथ हीच पाहा. तिची पुढची बैठक बांकासारखी सलग असे. पुढें गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर नेला गेल्यामुळें पायांपाशीं जागा मोकळी झाली, व तीन माणसें पुढें आणि तीन मागें सुखानें बसूं लागलीं. आपल्याकडील घरच्या माणसांची संख्या ध्यानांत घेतां ही सोय लहान म्हणतां यावयाची नाहीं. एंजिन सहा सिलिंडरांचें, फारशी गुंतागुंत नसलेलें. तें रबराच्या आधारावर बसविलेलें असल्यानें त्याची थरथर आंतील माणसांस फारशी जाणवत नसे. ब्रेक तेलाच्या दाबानें चालणारे. त्या कंपनीचे अध्यक्ष केलर यांचा तर असा आग्रह असे, कीं डोक्यावर हॅट असतांना माणसाला गाडींत ताठ बसतां आलें पाहिजे. म्हणून छत उंच. अमेरिकेंत ह्या उंच छतास पुढें लोकांनीं नांवें ठेविलीं. आपल्याकडे मात्र पागोटें किंवा पटका बांधून प्रवासास निघणाऱ्या गृहस्थास तें छत केवढें सोयीचें वाटलें असेल!

ही कंपनी १९२५ सालीं स्थापन करणारे वॉल्टर ख्रायस्लर हेहि आरंभीं रेल्वेच्या कारखान्यांतील कारागीर होते. रेल्वेपासून निघून मोटारीपर्यंत आलेल्या ह्या दोन पुरुषांचा मार्ग पुढें एकत्र यावा, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

मोटार येथेंच बनली पाहिजे, हा विचार एकट्या शेठजींचा नव्हता. म्हैसूरचे विख्यात एंजिनियर सर विश्वेश्वरय्या यांनीं १९३५ सालीं युरोप-अमेरिकेंतील कारखाने पाहून त्याची योजना तयार केली होती, आणि मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळानें तिला सहानुभूतीहि दाखविली होती. परंतु १९३९ सालीं महायुद्ध सुरू झालें व तें मंत्रिमंडळ अधिकारावरून दूर झालें. त्याच वर्षीं शेठजी मोटारीच्या कामासाठीं अमेरिकेस गेले. फोर्ड कंपनीशीं जमलें नाहीं. ख्रायस्लर कंपनीशीं जमलें. परततांना पॅसिफिक महासागरावरील विमानांत त्यांची गांठ विल्यम पॉली नांवाच्या विमानांच्या व्यापाऱ्याशीं पडली. गेले होते मोटारीसाठीं. पण त्या भेटींतून १९४० सालीं बंगलोरास विमानांचा कारखाना निघाला. युद्धासाठीं विमानें हवीं होतीं, म्हणून तो सरकारास पटला, आणि दोनच वर्षांत सरकारनें तो विकतहि घेतला.

मोटारीचा कारखाना मात्र पटला नाहीं. युद्धाच्या दिवसांत यंत्रें आणण्यास परवानगी नाहीं, डॉलर नाहींत, आणि ह्या कारखान्याचा युद्धास उपयोग नाहीं, अशीं उत्तरें मिळत राहिलीं. खेड्यापाड्यांतून सैन्य आणि सामान वाहण्यास मोटारी लागत नव्हत्या कीं काय, असें आज वाचणाऱ्यास वाटतें. युद्धकाळांत यंत्रसामग्रीची टंचाई खरी होती, हें कबूल केलें पाहिजे. पण येथील धंदा येथील माणसांच्या हातीं जावा अशी इच्छाहि राज्यकर्त्यांस नव्हती. शेठजी अर्जांवर अर्ज करीत राहिले. ह्या माणसाचा स्वभाव हट्टी होता, आणि त्यापायीं त्यानें स्वतःस व भागीदारांसहि अनेकदां अडचणींत घातलें. पण कमी हट्टी माणूस १९४० सालींच थांबला असता.

१९४४ सालीं मुंबईंत प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली, कुर्ल्यास कारखाना उभा राहिला, आणि १९४७ सालीं तेथून गाड्या बाहेर पडूं लागल्या. प्लिमथ, डॉज आणि डिसोटो हीं त्यांचीं नांवें. त्यांपैकीं डॉज किंग्जवे ही वास्तविक प्लिमथच. समोरच्या जाळीचा चेहरा तेवढा डॉजचा. त्याच कारखान्यांतून मालमोटारीहि निघत, आणि शेतमालाच्या दृष्टीनें त्यांचें महत्त्व घरच्या गाडीहून अधिक होतें.

येथें एक गोष्ट लपवून चालणार नाहीं. आरंभीं ह्याहि गाड्यांचे बहुतेक भाग अमेरिकेंतूनच येत. ज्या जोडकामाबद्दल शेठजी परक्यांस दोष देत, तेंच कुर्ल्यासहि चालू होतें. फरक इतकाच, कीं येथें एकेक भाग हळूहळू स्वतः करण्याचा संकल्प होता. शिवाय ती ऐसपैस गाडी पेट्रोलहि ऐसपैस पीत असे. डॉक्टर, वकील, बागाईतदार, संस्थानिक ह्यांच्या दारीं ती शोभे. मास्तरांच्या किंवा रेल्वेंतील कारकुनाच्या दारीं ती येणें शक्य नव्हतें. सर्व कुटुंबास पुरणारी गाडी, पण बहुतेक कुटुंबांस न परवडणारी!

शेठजींस ह्या प्रश्नाचा निकाल लावण्यास अवसर मिळाला नाहीं. १९४९ सालीं त्यांस पक्षाघाताचा झटका आला व पुढच्या वर्षीं त्यांनीं कामांतून अंग काढून घेतलें. ज्या माणसानें रेल्वे, जहाज, विमान आणि मोटार ह्या चारी वाहनांच्या धंद्यांत हात घातला, त्यास आपल्या शेवटच्या दिवसांत दुसऱ्याच्या आधारानें हालचाल करावी लागली. पत्नी कस्तुरबाई यांनीं त्यांची शुश्रूषा केली. गुजराथेंत सिद्धपूर येथें ८ एप्रिल १९५३ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

त्याच वर्षीं सरकारच्या टॅरिफ कमिशननें ठरविलें, कीं गाडीचे भाग येथें बनविण्याची तयारी असेल त्यांनींच ह्या धंद्यांत राहावें. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनीं मुंबईंतील काम आंवरलें. कुर्ल्याचा कारखाना राहिला. पण अमेरिकन सेडानचे दिवस तेथेंहि भरत आले होते. इटलींतील फियाट कंपनीची लहानशी ११०० ही गाडी १९५४ पासून तेथें निघूं लागली, आणि तिचेंच रूप पुढें प्रीमियर पद्मिनी ह्या नांवानें घरोघर माहीत झालें. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. पालकांपैकीं पुष्कळांनीं तींतून प्रवास केला असेल. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून धांवेनाशी झाली.

ही गाडी कारकुनास आणि मास्तरांसहि कधींमधीं परवडे, निदान भाड्यानें तरी. तिचें छत मात्र प्लिमथहून पुष्कळ ठेंगणें होतें. पटका बांधलेल्या उतारूस मान वांकवूनच आंत शिरावें लागे.