पंडिता रमाबाईंचे लग्न आणि आपले घर

पंडिता रमाबाई म्हटले की विद्वत्ता आठवते, शारदा सदन आठवते. त्यांचे आंतरजातीय लग्न मात्र एका ओळीत उरकले जाते. आम्हाला तीच ओळ महत्त्वाची वाटते.

रमाबाईंचा जन्म 1858 सालचा, गंगामूळच्या जंगलातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे चित्पावन ब्राह्मण. पण बायकोला संस्कृत शिकवले म्हणून स्वजातीयांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास देश पायी तुडवीत 1878 साली कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. 1880 साली श्रीनिवासही वारला. लग्नाची बातमी कळवावी असे घरच उरले नाही.

त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केले. नवरदेव ब्राह्मणी शास्त्राने शूद्र ठरवलेल्या जातीचे. ना भटजी, ना मंत्र. 1872 च्या तिसऱ्या कायद्याखाली नोंदणी. त्या कायद्यात वधूवरांना आपण हिंदू वा इतर प्रस्थापित धर्म मानत नाही, असे लिहून द्यावे लागे. या लग्नापायी बहिष्कार वाट्याला आला. 1882 साली पटकीने पती गेले आणि तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यात आल्या.

तिथे त्यांनी आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टरांची मागणी केली. 1883 साली इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या तेव्हा पुण्याच्या सनातन्यांनी गहजब केला. महात्मा जोतीराव फुले मात्र 1885 च्या 'सत्सार'मधून त्यांच्या बाजूने उभे राहिले. 1889 साली शारदा सदन, पुढे केडगावचे मुक्ती सदन उभारून 1922 साली त्या गेल्या.

आता कायद्याचे पाहू. 1872 च्या कायद्यात नोटिशीची मुदत 14 दिवस होती. स्वतंत्र भारताच्या 1954 च्या विशेष विवाह कायद्यात ती 30 दिवस झाली. नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात. जातीच्या पहारेकऱ्यांना महिनाभराची सवलत मिळते!

नवी मुंबईत मराठवाड्या-विदर्भातून कामाला आलेली आपली मुलेमुली लग्न ठरवतात आणि गावी फोन करायला घाबरतात. सवर्ण घर चिडणार हे त्यांना ठाऊक असते. पण बौद्ध मुलाने मातंग किंवा चर्मकार मुलगी पसंत केली तर आपल्या घरात काय होते? बाबासाहेबांनी जात मोडण्याचा उपाय म्हणून आंतरजातीय विवाह सांगितला आणि 1948 साली स्वतः नोंदणी पद्धतीने तो केला. त्यांची जयंती धूमधडाक्यात करणाऱ्या घरात असा फोन आला तर पहिला प्रश्न जातीचा नसावा. रमाबाईंना घर नव्हते. आपल्या लेकरांना घर असून ते नसल्यासारखे होऊ नये, एवढे तरी आपण करू या!