बेळगावात शिकलेले ग्रहगणिती व्यंकटेश बापूजी केतकर

व्यंकटेश बापूजी केतकर यांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे, ज्योतिषाची परंपरा असलेल्या शास्त्र्यांच्या घराण्यात झाला. इंग्रजी शिक्षण बेळगावात झाले आणि पुढील आयुष्य मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात शाळामास्तरकीत गेले. बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. वेधशाळा त्यांच्या हाताशी कधीच नव्हती.

त्या काळी पंचांगे गणेश दैवज्ञांच्या १५२० सालच्या ‘ग्रहलाघव’ ग्रंथावरून होत. साडेतीन शतकांत त्यातील सूक्ष्म चुका साचत गेल्या. गणिताने आलेला ग्रह व आकाशात दिसणारा ग्रह यांचा मेळ बसेना. केतकरांनी ग्रंथाहून आकाशास प्रमाण मानले. युरोपीय कोष्टकांतील अंक घेऊन त्यांनी ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ हे ग्रंथ संस्कृतात रचले. नव्या गणितास जुन्या भाषेचे वस्त्र देण्याची ही युक्ती मोठ्या धोरणाची म्हटली पाहिजे. पंचांगकर्त्यांना ते आपले वाटले.

राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा, हा प्रश्न मात्र दुर्बिणीने सुटणारा नव्हता. तो संकेताचा प्रश्न होता. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात भावी शिक्षक घडविणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित सायन पक्षाचे. टिळकांचा कल रेवती ताऱ्याकडे. केतकरांनी चित्रा तारा धरला. वेध सर्वांचे तेच, तरी निष्कर्ष निराळे. आजही टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते, ती याच भेदामुळे. चित्रापक्ष मात्र सर्वाधिक रुळला.

१९११ साली फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या पत्रिकेत त्यांचा लेख आला. गुरूच्या उपग्रहांच्या गतींविषयी लाप्लासने मांडलेल्या सिद्धान्ताच्या आधारे नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत, असे त्यांचे गणित होते. त्यांना त्यांनी ब्रह्मा व विष्णू ही नावे दिली. ब्रह्म्याचे अंतर पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ३९ पट आणि प्रदक्षिणाकाळ सुमारे २४२ वर्षे. १९३० च्या फेब्रुवारीत प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर साडेएकोणचाळीस पट, काळ २४८ वर्षे. हा मेळ बहुतेक जाणकार आज योगायोग मानतात. विष्णू अद्याप कोणास दिसलेला नाही.

प्लूटोच्या शोधानंतर काही महिन्यांतच, त्याच वर्षी, विजापुरात केतकरांचे निधन झाले.