बोरघाटाचे अभियंते बर्कली

जेम्स बर्कली १८५० साली जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता म्हणून मुंबईत आले. मुंबई-ठाणे मार्ग १८५३ साली सुरू झाला. पुढे होता कर्जतवरचा बोरघाट. तिथे त्यांनी आखलेल्या मार्गाचा सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांत १ फूट. बांधकामात साथींनी असंख्य मजूर दगावले.

अशा उतारावर ब्रेक निकामी झाला तर? त्यासाठी घाटात आजही चढाच्या ‘कॅच सायडिंग’ आहेत. समजा, तेवढ्याच चढावर सुटलेला डबा १९० मीटर जाऊन थांबला. घर्षण सोडले तर त्याचा वेग दर सेकंदाला ०.२६५ मीटरने घटतो. या दोन आकड्यांच्या गुणाकाराची दुप्पट करून वर्गमूळ काढले, की शिरतानाचा वेग मिळतो : सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर.

प्रकृती ढासळून बर्कली मायदेशी परतले आणि १८६२ साली वारले. घाटातून गाडी सुरू झाली १८६३ साली.