पूजनीय रॉबेर शुमान : एक प्रापंचिक लोकप्रतिनिधि

महोत्सवाच्या ह्या अंकांत धर्मगुरूंचीं व धर्मभगिनींचीं चरित्रें येणें साहजिक आहे. आम्ही मात्र येथें एका प्रापंचिकाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. कारण निवडणुकीच्या धामधुमींत पडलेल्या माणसास भक्तिमार्ग साधत नाहीं, असा समज आपल्यांतही आढळतो.

रॉबेर शुमान ह्यांचा जन्म २९ जून १८८६ रोजीं लक्झेंबर्ग येथें झाला. वडील लॉरेन प्रांताचे. तो मुलूख १८७१ सालीं जर्मनीनें फ्रान्सकडून हिरावून घेतला होता, त्यामुळें मुलगा जन्मतःच जर्मन प्रजाजन ठरला. १९०० सालीं पितृछत्र हरपलें. १९११ सालीं अपघातांत मातोश्रीही गेल्या. त्या दुःखांत धर्मगुरु व्हावें असें त्यांच्या मनानें घेतलें होतें, परंतु एका मित्रानें प्रपंचांत राहूनच सेवा करण्याचा सल्ला दिला. तो मानून त्यांनीं १९१२ सालीं मेट्झ येथें वकिली सुरू केली. लग्न मात्र केलें नाहीं.

पहिल्या महायुद्धानंतर लॉरेन पुन्हां फ्रान्सकडे आला. १९१९ सालीं मोझेल जिल्ह्यानें त्यांस फ्रेंच प्रतिनिधिसभेवर पाठविलें, व पुढें १९४० पर्यंतच्या प्रत्येक निवडणुकींत त्यांसच निवडून दिलें. ते फर्डे वक्ते नव्हते. फ्रेंच बोलतांना जर्मन हेल उमटे. राजकारणांत ते जुन्या वळणाचे. १९२४ सालीं मुख्य प्रधान एरियो ह्यांनीं चर्च व सरकार ह्यांची फारकत करणारे फ्रेंच कायदे आल्सास-लॉरेनलाही लागू करण्याचा बेत जाहीर केला, तेव्हां शुमान विरोधकांत होते. बेत बारगळला, आणि तेथील सरकारी शाळांतील धर्मशिक्षण टिकून राहिलें.

आतां एक अवघड गोष्ट. ती झांकून ठेवावी असें आम्हांस वाटत नाहीं. फ्रान्सचा पराभव झाल्यावर, १० जुलै १९४० रोजीं, मार्शल पेतां ह्यांस सर्वाधिकार देण्याच्या बाजूनें ५६९ व विरुद्ध ८० मतें पडलीं. शुमान ह्यांचें मत बाजूनें होतें. दोनच महिन्यांनीं गेस्टापोनें मेट्झ येथें त्यांस पकडलें. प्रथम कोठडी, मग जर्मनींत नजरकैद. ऑगस्ट १९४२ मध्यें ते तेथून निसटले व मठांच्या आश्रयानें लपून राहिले. एवढें सोसूनही त्या एका मतामुळें ते युद्धानंतर उमेदवारीस अपात्र ठरले होते. निर्बंध उठल्यावरच १९४५ सालीं लोकांनीं त्यांस पुन्हां निवडून दिलें.

पुढें ते अर्थमंत्री, १९४७ सालीं मुख्य प्रधान व १९४८ सालीं परराष्ट्रमंत्री झाले. ९ मे १९५० रोजीं त्यांनीं फ्रान्स व जर्मनीचा कोळसा आणि पोलाद एका सामायिक अधिकाराखालीं आणण्याची योजना मांडली. तोफा ज्या मालाच्या बनतात, तोच सामायिक झाला म्हणजे एकमेकांवर चाल करणें कठीण व्हावें, हा हेतु. ज्या राष्ट्राच्या पोलिसांनीं त्यांस डांबलें, त्याच राष्ट्रापुढें, युद्ध संपून पांच वर्षें होतात न होतात तोंच, त्यांनीं हात पुढें केला! वर्षभरांत सहा राष्ट्रांनीं तसा करार केला. युरोपीय संघाचें मूळ त्यांत आहे.

ह्या सर्व व्यापांतही त्यांचा रोजच्या मिस्साचा नेम होता. १९६२ पर्यंत ते सभासद राहिले. ४ सप्टेंबर १९६३ रोजीं मेट्झजवळील सी-शाझेल गांवीं त्यांचें देहावसान झालें. १९ जून २०२१ रोजीं पोप फ्रान्सिस ह्यांनीं त्यांच्या सद्गुणांस मान्यता दिली व ते पूजनीय झाले. त्यांची कबर त्यांच्या घरासमोरच्या लहानशा जुन्या चर्चमध्यें आहे.