विल्यम हेन्री साइक्स

कर्नल विल्यम हेन्री साइक्स (२५ जानेवारी, इ.स. १७९० – १६ जून, इ.स. १८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी, निसर्गअभ्यासक, सांख्यिकीतज्ज्ञ आणि ब्रिटिश संसदेचे सदस्य होते. दख्खनमधील पक्षी, सस्तन प्राणी व गोड्या पाण्यातील मासे यांची पहिली पद्धतशीर शास्त्रीय नोंद त्यांनी केली. महसीर या प्रसिद्ध माशाच्या सह्याद्रीत आढळणाऱ्या जातीला शास्त्रीय नाव त्यांनीच दिले. गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांसाठी नद्या राखण्याचे जे प्रयत्न पुढे महाराष्ट्रात व कर्नाटकात झाले, त्यांच्या मुळाशी साइक्स यांची ही यादी आहे. आणि त्या प्रयत्नांतील एका मोठ्या घोटाळ्याचा धागाही तिच्यापर्यंतच जातो.

पूर्वायुष्य व लष्करी सेवा

साइक्स यांचा जन्म इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात ब्रॅडफर्डजवळ झाला. वयाच्या तेराव्या वर्षी, इ.स. १८०३ मध्ये, ते कंपनीच्या सैन्यात दाखल झाले. इ.स. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात ते होते. हिंदुस्तानी व मराठी या भाषांची दुभाष्याची परीक्षा ते इ.स. १८१० मध्ये उत्तीर्ण झाले. पेशवाईच्या अखेरीस इ.स. १८१७ मध्ये झालेल्या खडकी व पुणे येथील लढायांत एतद्देशीय शिपायांच्या तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. त्यानंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमेतही त्यांनी भाग घेतला. ज्या मुलखाचा त्यांनी पुढे एवढ्या आस्थेने अभ्यास केला, त्या मुलखात त्यांचा प्रवेश असा तलवारीच्या वाटेने झाला. इ.स. १८२० मध्ये ते युरोपात परतले व चार वर्षे तेथे प्रवासात घालवली.

दख्खनची पाहणी

इ.स. १८२४ मध्ये मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी साइक्स यांची मुंबई सरकारच्या सांख्यिकी पाहणीसाठी नेमणूक केली. नव्याने हाती आलेल्या मुलखाची जमीन, लोकसंख्या, पिके, वतने, हवामान व प्राणिसृष्टी यांची माहिती गोळा करणे हे त्यांचे काम होते. पुणे, अहमदनगर, खानदेश व धारवाड या चार जिल्ह्यांत ते हिंडले. डोंगरमाथ्यांची उंची त्यांनी पाणी कोणत्या तापमानाला उकळते यावरून काढली, वायुभारमापकाच्या दैनिक नोंदी ठेवल्या आणि गावोगावच्या कुलकर्ण्यांची दप्तरे तपासली.

खर्चकपातीमुळे इ.स. १८२९ च्या अखेरीस सरकारने हे पद रद्द केले. काम जवळजवळ पुरे होत आले होते. साइक्स यांनी लष्करी कर्तव्यातून मोकळीक मागून घेतली आणि इ.स. १८३१ च्या जानेवारीपर्यंत ते पूर्ण केले. मग ते रजेवर मायदेशी गेले, इ.स. १८३३ मध्ये कर्नल या हुद्द्यावर ते निवृत्त झाले.

पाहणीची हद्द कंपनीच्या मुलखाची हद्द होती, ही गोष्ट त्यांची मत्स्यसूची वाचताना विसरता येत नाही. बार्शीच्या पूर्वेचा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे धाराशिव, तेर, तेथील तेरणा नदी आणि ती ज्या मांजरा नदीला मिळते तिचे खोरे त्यांच्या पाहणीबाहेर राहिले. दख्खनचे मासे असे नाव असलेल्या त्यांच्या निबंधात प्रत्यक्षात भीमा आणि मुळा, मुठा, इंद्रायणी, घोड या तिच्या उपनद्यांचेच मासे प्रामुख्याने आहेत. दख्खन या शब्दाचा विस्तार लक्षात घेता, ही उणीव लहान नाही.

मत्स्यविषयक कार्य

हा निबंध प्रथम इ.स. १८३९ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या वृत्तांतात संक्षेपाने आणि इ.स. १८४१ मध्ये चित्रांसह विस्ताराने प्रसिद्ध झाला. त्यातील नामकरणाची रीत मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. काही माशांना त्यांनी आपल्या परिचयातील विद्वानांची नावे दिली. मुळा-मुठेतील अजस्र गूंच माशाला ब्रिटिश माशांचे अभ्यासक विल्यम यॅरेल यांचे नाव मिळाले. परंतु पुष्कळ माशांसाठी त्यांनी नदीकाठच्या लोकांच्या तोंडचेच नाव लॅटिन वर्णनाच्या डोक्यावर ठेवले. शिंगटी, कोळस, नुक्ता, खुद्री, मसुल्ला ही नावे अशी शास्त्रात शिरली. 'रोहटी' हे तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव झाले आणि आजही ते ग्राह्य आहे.

या नावांच्या उच्चाराविषयी एक खुलासा आवश्यक आहे. त्या काळच्या इंग्रजी लेखनात 'अ' हा स्वर पुष्कळदा 'यू' या अक्षराने दाखवीत. 'दख्खन' हा शब्दही साइक्स यांनी तसाच लिहिला आहे. ते ध्यानात घेतले तर चाकणजवळ इंद्रायणीत सापडलेला, तोंडावर शिंगासारखा उंचवटा असलेला 'नुक्ता' मुळात 'नकटा' असावा आणि पुण्याच्या पूर्वेस मुळा-मुठेत मिळालेली 'खुद्री' ही आजच्या 'खडशी' या नावाच्या जवळची असावी, असे मानण्यास जागा आहे. ज्या मच्छीमारांनी ही नावे सांगितली, त्यांची स्वतःची नावे मात्र निबंधात आली नाहीत.

महसीर आणि नदीचे व्यवस्थापन

युरोपात गळाने मासेमारी करणाऱ्यांसाठी राखलेले सार्वजनिक झरे मुख्यतः ट्राउट माशाचे असतात. भारतात ट्राउट बाहेरून आणून काश्मीर व निलगिरीसारख्या थंड प्रदेशांत सोडला गेला. सह्याद्रीच्या नद्यांत गळ टाकणाऱ्याचे लक्ष्य महसीर हेच राहिले. हेन्री सलिव्हन थॉमस यांच्या इ.स. १८७३ च्या ग्रंथाने त्याची कीर्ती इंग्रजी वाचकांत पसरवली. सुरुंगाने वा विष घालून मासे मारण्यास बंदी करणारा भारतीय मत्स्यव्यवसाय कायदा इ.स. १८९७ मध्ये झाला. महाराष्ट्रात त्याच्या कितीतरी आधीपासून काही डोह देवाच्या नावाने राखलेले होते. देहू येथील इंद्रायणीचा डोह आणि महाडजवळील वाळणकोंड ही त्याची परिचित उदाहरणे आहेत.

धरणांनी महसीरची अंडी घालण्यासाठी वर चढण्याची वाट अडवली. तेव्हा इ.स. १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी साइक्स यांच्या खुद्रीची कृत्रिम पैदास यशस्वी केली. तेथील पिले अनेक जलाशयांत गेली, तशीच कर्नाटकातील कावेरीतही सोडण्यात आली. तेथे नदीचा एक पट्टा हौशी मासेमारांच्या संस्थेने भाडेपट्ट्याने राखला होता. मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची शिस्त तेथे होती, पहारा होता आणि पकडलेल्या माशांच्या नोंदी होत्या.

याच नोंदींनी पुढे धक्का दिला. इ.स. २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बाहेरून आलेली खुद्री कावेरीत वाढत गेली होती आणि तेथील मूळचा, पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर जवळजवळ नाहीसा झाला होता, असे त्यातून दिसले. या मूळच्या माशाला दीर्घकाळ साइक्स यांच्या 'मसुल्ला'चे नाव लावले जात होते. घोड नदीतील तो मासा खरे तर वेगळ्याच प्रजातीचा आहे. कावेरीच्या महसीरला स्वतःचे खात्रीचे शास्त्रीय नाव नसल्यामुळे संकटग्रस्त जातींच्या जागतिक सूचीत त्याचे मूल्यमापनही होऊ शकत नव्हते. केरळमधील पांबार नदीतून वर्णन झालेली 'टॉर रेमादेवी' ती हीच जाती, हे इ.स. २०१८ मध्ये निश्चित झाले. त्यानंतर तिची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

या गोंधळाचा दोष साइक्स यांच्याकडे जात नाही. त्यांनी मासा कोठे मिळाला ते गावासह लिहून ठेवले होते, म्हणून तर शिरूरच्या घोड नदीपर्यंत मागे जाऊन खातरजमा करणे पुढच्या संशोधकांना शक्य झाले. दोष असलाच तर मूळ स्थळ न पाहता नाव उचलणाऱ्यांचा आहे.

उत्तरायुष्य

इ.स. १८३४ मध्ये साइक्स रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. दख्खनमधील जमिनीचे हक्क, हवामान, रानटी कुत्रा, रेशीमकिडा, प्राचीन भारतातील बौद्ध धर्म अशा विविध विषयांवर त्यांनी निबंध लिहिले. इ.स. १८४० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक व इ.स. १८५६ मध्ये अध्यक्ष झाले. इ.स. १८५७ पासून मृत्यूपर्यंत ते ॲबर्डीनचे संसद सदस्य होते. लंडनच्या सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले. त्यांचे निधन लंडन येथे झाले.

दख्खनच्या माळांवरील एक चंडोल आणि हिवाळ्यात येणारा एक वटवट्या यांच्या इंग्रजी नावांत साइक्स यांचे नाव आहे. चाकणच्या इंद्रायणीतून त्यांनी नोंदवलेला नुक्ता आज संकटग्रस्त जातींत गणला जातो.