लोखंडी फुफ्फुसातला विद्यार्थी

पोलिओची लस १९५५ मध्ये आली. एड रॉबर्ट्सला पोलिओ झाला तो त्याच्या दोन वर्षे आधी, १९५३ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम गावचा हा १४ वर्षांचा मुलगा तोवर खेळात रमणारा होता. ताप उतरला तेव्हा मानेखालचे जवळजवळ सारे शरीर लुळे पडले होते. एका हाताची दोन बोटे आणि पायाची काही बोटे तेवढी हलत होती.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशी मारतो. संवेदना मात्र शाबूत राहते. रुग्णाला स्पर्श कळतो, वेदना कळते, फक्त हालचाल करता येत नाही. श्वासाचे स्नायूही निकामी झाले की त्या काळी मुख्य आधार होता, तो म्हणजे ‘आयर्न लंग’, अर्थात लोखंडी फुफ्फुस. या हवाबंद नळकांड्यात रुग्णाचे डोके तेवढे बाहेर असते. आतला दाब कमी केला की छाती फुगते आणि हवा आत ओढली जाते. पुढे आयुष्यभर एडला यंत्राच्या साहाय्याने श्वास घ्यावा लागला. दिवसा काही तास यंत्राबाहेर राहता यावे म्हणून तो बेडकासारखा श्वास घ्यायला शिकला. जीभ आणि घशाच्या स्नायूंनी हवेचे छोटे छोटे घोट फुफ्फुसात ढकलायचे, असे हे तंत्र.

हा मुलगा जगला तरी निर्जीव भाजीपाल्यासारखा पडून राहील, त्यापेक्षा गेलेला बरा, असे डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितले. ते त्याच्याही कानावर पडले. त्याने अन्न सोडले. वजन झपाट्याने उतरले. पण मरायचे की जगायचे हे आपल्या हातात आहे, हे त्याला याच काळात उमगले आणि तो पुन्हा जेवू लागला.

आई झोना खंबीर होती. शाळेचे शिक्षण बरेचसे घरून, टेलिफोनवरून झाले. शेवटी शाळेने प्रमाणपत्र अडवले, कारण काय, तर व्यायाम आणि मोटार चालवणे हे विषय पूर्ण नव्हते! झोना यांनी शाळा मंडळापर्यंत भांडून ते मिळवले.

सॅन मटेओच्या महाविद्यालयानंतर रॉबर्ट्स यांनी बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्ज केला. अपंगांचा प्रयोग पूर्वी करून झाला, तो फसला, असे तिथल्या एका अधिकाऱ्याचे मत पडले. राज्याच्या पुनर्वसन खात्याने तर हा माणूस कधीच नोकरी करू शकणार नाही म्हणून खर्च नाकारला. प्रकरण वर्तमानपत्रांत गेल्यावर खाते नमले.

आता प्रश्न राहण्याचा होता. आयर्न लंगचे वजन सुमारे ३६० किलो. वसतिगृहाची जमीन ते पेलणार नव्हती. विद्यापीठाच्या आरोग्य सेवेचे प्रमुख डॉ. हेन्री ब्रूइन यांनी आवारातल्या कॉवेल रुग्णालयात जागा देऊ केली. आपण तिथे रुग्ण म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून राहू, ही जागा वसतिगृह मानली जावी, अशी अट रॉबर्ट्स यांनी घातली. १९६२ मध्ये ते दाखल झाले. पुढच्याच वर्षी जॉन हेस्लर आले आणि दशक संपेपर्यंत तिथे अशा डझनभर विद्यार्थ्यांचा गट जमला.

रॉबर्ट्स यांना यांत्रिक खुर्ची चालवणे जमणार नाही, असे तज्ज्ञांना वाटत होते. पण ते एका तरुणीच्या प्रेमात पडले आणि भेटीच्या वेळी खुर्ची ढकलणारा तिसरा माणूस नकोसा झाला. मग ते खुर्ची चालवायला शिकलेच.

या गटाने स्वतःला ‘रोलिंग क्वाड्स’ असे मिश्कील नाव घेतले. पुनर्वसन खात्याच्या एका समुपदेशकाने दोघा विद्यार्थ्यांना काढण्याचा प्रयत्न केला, तेव्हा सगळे एकत्र उभे राहिले आणि जिंकले. १९७० मध्ये विद्यापीठात अपंग विद्यार्थ्यांसाठी त्यांनी स्वतः चालवलेली सेवा सुरू झाली. मदतनीस शोधून देणे, पायऱ्या नसलेले घर मिळवून देणे, बंद पडलेली खुर्ची दुरुस्त करणे अशी कामे तिथे होत. वर्गात वेळेवर पोहोचायचे तर यांतले प्रत्येक काम औषधाइतकेच गरजेचे, हे रोज अडणाऱ्यांनाच ठाऊक होते.

मग मागणी आवाराबाहेर गेली. बर्कलेच्या फुटपाथांच्या कडा कापून उतार करण्याचे काम नगर परिषदेने हाती घेतले. त्या उतारांवरून पुढे बाबागाड्या, सामानाच्या गाड्या आणि थकलेले गुडघेही चालू लागले. १९७२ मध्ये ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ उभे राहिले. तिची धुरा पुढे रॉबर्ट्स यांनी वाहिली. आणि ज्या खात्याने त्यांना नोकरीस अपात्र ठरवले होते, त्याच राज्य पुनर्वसन खात्याचे संचालक म्हणून गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी त्यांची नेमणूक केली!

१९९० चा अमेरिकी अपंग हक्क कायदा त्यांनी पाहिला. १४ मार्च १९९५ रोजी, ५६ व्या वर्षी, हृदय बंद पडून ते गेले. लुळे स्नायू शेवटपर्यंत तसेच होते. बदलल्या त्या पायऱ्या, जमिनी आणि नियम. त्यांच्या डॉक्टरांनी स्नायूंची ताकद बरोबर मोजली होती. चूक झाली ती त्यावरून आयुष्याचे मोल ठरवण्यात.

भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखून ठेवल्या आहेत. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर असेल, लिफ्ट बंद असेल आणि स्वच्छतागृहाच्या दारातून खुर्ची जात नसेल, तर ती जागा कागदावरच राहते. हा इलाज गवंडी आणि सुतार करू शकतात. कुठे काय अडते, हे मात्र आधी खुर्चीवर बसणाऱ्या विद्यार्थ्याला विचारायला हवे.